‘ओझर मिग’ची छोटी प्रतिकृती: अचूक म्हणजे नेमके काय?

१/ २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडच्या हवाई तळावर मिग-२१ ने भारतीय वायुसेनेचा निरोप घेतला. बासष्ट वर्षांची सेवा त्या दिवशी संपली. वायुसेनेने वापरलेल्या मिग-२१ विमानांपैकी सहाशेहून अधिक हिंदुस्तान एरोनॉटिक्स लिमिटेड अर्थात एचएएलने भारतात बांधली आणि त्यांची जुळणी नाशिकजवळच्या ओझरला झाली. ‘ओझर मिग’ हे शब्द आजही नाशिककरांच्या बोलण्यात जोडीनेच येतात. हे विमान आता आकाशात दिसणार नाही. संग्रहालयांतील व चौथऱ्यांवरील विमाने, छायाचित्रे आणि हौशी लोकांनी जोडलेल्या प्लॅस्टिकच्या प्रतिकृती एवढेच मागे उरते. या प्रतिकृतींवर विश्वास कितपत ठेवावा, हा या थ्रेडचा विषय.

२/ प्रश्न वरवर पाहता छंदाचा आहे, पण मुळात तो इतिहासाच्या पद्धतीचा आहे. प्रतिकृतीचे किट म्हणजे कोणीतरी केलेले विधान असते: ‘हे यंत्र असे होते.’ विधान आले की पुरावा आला, आणि पुरावा आला की त्याची चिकित्सा आली. बखर, फर्मान किंवा ताम्रपट वाचताना अभ्यासक जे प्रश्न विचारतो, तेच प्रश्न किटच्या खोक्यालाही विचारता येतात. हे विधान कोणाचे? कशाच्या आधारे केलेले? आणि कोणत्या दिवसाबद्दल?

३/ यांतला शेवटचा प्रश्न सर्वांत कडकपणे विचारला तो शर्यतीच्या मोटारींची किटे जोडणाऱ्यांनी. लोटस ४९ या फॉर्म्युला वन मोटारीचेच पाहा. जून १९६७ मध्ये झँडव्हूर्टच्या शर्यतीत जिम क्लार्कने ती पहिल्याच खेपेस जिंकून दिली. तेव्हा ती हिरवी होती, मधोमध पिवळा पट्टा होता आणि तिला पंख नव्हते. १९६८ मध्ये ती एका सिगारेट कंपनीच्या लाल, पांढऱ्या व सोनेरी रंगांत आली. त्याच वर्षी तिला पंखही फुटले. पुढे ते उंच खांबांवर चढले आणि अपघातांनंतर १९६९ मध्ये तसल्या उंच पंखांवर बंदी आली. नाव एकच, रूपे अनेक. म्हणून ‘लोटस ४९ चे अचूक किट’ हे शब्द अपुरे ठरतात. कोणती शर्यत, कोणता चालक, हे सांगितल्यावाचून अचूकतेची चर्चा सुरूच होत नाही.

४/ मोजमापाच्या बाबतीतही मोटारींच्या किटने एक दाखला घालून दिला. १९७० च्या दशकात जपानच्या तामिया कंपनीने पोर्शे ९३४ या शर्यतीच्या मोटारीचे १/१२ प्रमाणातील किट काढायचे ठरवले. कंपनीचे शुन्साकु तामिया यांनी त्यासाठी एक खरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि ती सुटी करून तिचे भाग अभ्यासले. खेळण्याच्या कारखान्याने खरी मोटार खोलावी, ही गोष्ट छंदाच्या जगात दंतकथेसारखी सांगितली जाते. ती मात्र खरी आहे. अस्सल वस्तू समोर ठेवून मोजणे हा पुराव्याचा सर्वांत वरचा दर्जा.

५/ लढाऊ विमानांच्या बाबतीत हा दर्जा फार काळ कोणाच्या आवाक्यात नव्हता. शीतयुद्धाच्या काळात पाश्चात्त्य किट कंपन्यांना सोव्हिएत विमान जवळून पाहायला मिळत नसे. अमेरिकेच्या ऑरोरा कंपनीने १९५० च्या दशकात ‘मिग-१९’ या नावाने विकलेले किट जवळजवळ काल्पनिक होते. खऱ्या मिग-१९ शी त्याचे साम्य शोधावे लागते. ऑगस्ट १९६६ मध्ये एक इराकी वैमानिक मिग-२१ घेऊन इस्रायलमध्ये उतरला, तेव्हा कुठे पाश्चात्त्य तज्ज्ञांना हे विमान हात लावून तपासता आले.

६/ अंदाजाचे टोक गाठले ते १९८६ मध्ये. टेस्टर्स या अमेरिकी कंपनीने ‘एफ-१९ स्टेल्थ फायटर’चे किट बाजारात आणले. गुळगुळीत, गोलाकार, देखणे. खपही प्रचंड झाला. नोव्हेंबर १९८८ मध्ये अमेरिकेने आपले खरे गुप्त विमान जाहीर केले, ते एफ-११७. त्याचा आकार सपाट पैलूंचा आणि कोनांचा होता. किटशी त्याचा काहीही मेळ नव्हता. त्या किटचे भाग एकमेकांत नेटके बसत असतील, प्लॅस्टिकही उत्तम असेल. पण ज्याची प्रतिकृती म्हणून ते विकले गेले, ते विमान अस्तित्वातच नव्हते.

७/ येथे दोन शब्द वेगळे करणे भाग आहे: दर्जा आणि अचूकता. भाग एकमेकांत फटीशिवाय बसतात का, साच्याच्या कडेला प्लॅस्टिकचा पापुद्रा सुटला आहे का, जाड भागांवर खळगे पडले आहेत का, पारदर्शक भाग खरोखर पारदर्शक आहे का, हे सारे दर्जाचे प्रश्न. ते किट उघडून, हातात घेऊन सुटतात. अचूकतेचे प्रश्न किटकडे पाहून सुटत नाहीत. त्यासाठी किटबाहेरचा पुरावा लागतो. ओघवत्या भाषेतील इतिहासग्रंथ खोटा असू शकतो आणि रूक्ष, अडखळत लिहिलेली नोंद खरी असू शकते. किटचेही तसेच आहे.

८/ आता ओझरकडे वळू. ऑगस्ट १९६२ मध्ये भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात मिग-२१ चा करार झाला. १९६३ मध्ये चंदीगडला २८ क्रमांकाची स्क्वाड्रन उभी राहिली. ती भारताची पहिली स्वनातीत स्क्वाड्रन. १९६४ मध्ये ओझरला एचएएलचा नाशिक विभाग सुरू झाला. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशातील कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला, अशी कामाची विभागणी होती.

९/ या कहाणीत एक योगायोग आहे. ओझरची सुरुवातीची मिग विमानेसुद्धा एका अर्थाने ‘किट’मधूनच जन्मली. सोव्हिएत संघातून सुटे भाग व जुळणीचे संच येत आणि ते येथे जोडले जात. टप्प्याटप्प्याने येथे घडवलेल्या भागांचे प्रमाण वाढत गेले आणि १९७० मध्ये कच्च्या मालापासून भारतात घडवलेले मिग-२१ वायुसेनेच्या हाती पडले. ओझरहून मिग-२१ ची तीन मुख्य रूपे बाहेर पडली: आधी एफएल (वायुसेनेच्या भाषेत टाइप ७७), १९७३ पासून एम (टाइप ९६) आणि नंतर बिस (टाइप ७५). दुकानातल्या खोक्यावर मात्र पुष्कळदा मोठ्या अक्षरांत फक्त ‘मिग-२१’ असते. पहिली चूक तेथेच घडते.

१०/ ही तीन रूपे ओळखायची कशी? काही खुणा अशा आहेत की त्या एका दृष्टिक्षेपात दिसतात.

नाकावरची वेगमापक नळी: एफएलमध्ये ती हवा शिरण्याच्या तोंडावर अगदी मधोमध असते, एम आणि बिसमध्ये ती वैमानिकाच्या उजव्या हाताला सरकलेली असते.

कॉकपिटचे झाकण: एफएलमध्ये समोरच्या काचेसह एकसंध आणि पुढच्या बाजूला बिजागरी, एम व बिसमध्ये समोरची काच वेगळी आणि झाकण उजवीकडे उघडणारे.

पाठ: एफएलची सडपातळ, एमची फुगीर, बिसची आणखी भरीव.

पंखांखालचे पायलॉन, म्हणजे शस्त्रे टांगायच्या जागा: एफएलला दोन, एम व बिसला चार.

११/ एफएलबाबत आणखी एक सापळा आहे. एफएल हे पीएफ या सोव्हिएत रूपाचे निर्यातीसाठी केलेले भावंड. त्यामुळे भारतीय एफएल करू पाहणारा हौशी बहुधा पीएफचे किट उचलतो. पण आरंभीच्या पीएफचा शेपटीवरचा उभा पंख अरुंद होता आणि उतरताना वेग रोखणारे पॅराशूट पोटाखालच्या कप्प्यात असे. भारतीय एफएलचा उभा पंख रुंद आहे आणि पॅराशूटची नळकांडी त्या पंखाच्या बुडाशी आहे. खोक्यावरचे नाव जवळचे, साच्यातले विमान मात्र दुसरेच, असा हा प्रकार. किट घेण्यापूर्वी आतल्या भागांचे चित्र पाहून ही एक गोष्ट तपासली तरी मोठी चूक टळते.

१२/ पुढची पायरी मोजपट्टीची. मिग-२१ च्या पंखांचा विस्तार ७.१५४ मीटर; ओझरच्या तिन्ही रूपांत तो तोच आहे. म्हणजे १/७२ प्रमाणात तो ९९.४ मिलिमीटर, १/४८ मध्ये १४९ मिलिमीटर आणि १/३२ मध्ये २२३.६ मिलिमीटर यायला हवा. पंखांच्या पुढच्या कडेचा कोन ५७ अंशांचा. तोही कोनमापकाने तपासता येतो. लांबीच्या बाबतीत मात्र सावध राहावे. काही ग्रंथ नाकावरच्या नळीसह लांबी देतात, काही नळी वगळून. दोहोंत दोन मीटरहून अधिक अंतर पडते, म्हणजे १/७२ प्रमाणात जवळजवळ तीन सेंटीमीटर! आकडा छापील आहे एवढ्यावरून तो तुलनेस योग्य ठरत नाही. तो कुठून कुठपर्यंत मोजला, हे आधी विचारावे. शिलालेखातील वर्ष शकाचे की विक्रम संवताचे हे ठरवल्यावाचून कालगणना करू नये, तसेच हे.

१३/ मोजपट्टीचीही एक मर्यादा आहे. काही गोष्टी प्रमाणात लहान करताच येत नाहीत. विमानाच्या पत्र्यांमधील जोडरेषा किटवर कोरलेल्या असतात. समजा, त्या रेषेची रुंदी ०.२ मिलिमीटर आहे. १/७२ प्रमाणात तिचा अर्थ खऱ्या विमानावर १४.४ मिलिमीटरची फट असा होईल. एवढी फट ठेवून ओझरच्या कोणत्याही तपासनिसाने विमान बाहेर सोडले नसते. तरीही ती रेषा लागते, कारण तिच्यावाचून डोळ्याला पत्रे दिसत नाहीत. ही एक मान्य केलेली अतिशयोक्ती आहे. नकाशावरचा रस्ताही प्रमाणाने पाहिला तर नदीएवढा रुंद असतो. म्हणून कोणी नकाशाला खोटा म्हणत नाही. अतिशयोक्ती कोठे आवश्यक आहे आणि कोठे केवळ दिखाऊ, हा विवेक परीक्षकाला करावा लागतो.

१४/ आकार जुळला की दिवसाचा प्रश्न येतो. दोन तारखा घेऊ. १२ डिसेंबर १९७१ रोजी जामनगरजवळ फ्लाइट लेफ्टनंट भारतभूषण सोनी यांनी मिग-२१ एफएलमधून पाकिस्तानचे एफ-१०४ स्टारफायटर पाडले. ते पडले तोफेच्या माऱ्याने. एफएलमध्ये अंगभूत तोफ नव्हती. २३ मिलिमीटरची तोफ असलेली जीपी-९ नावाची पेटी पोटाखाली मधोमध बसवली जाई. इंधनाची जादा टाकीही एफएल त्याच जागी वाहून नेत असे. म्हणून एखाद्या प्रतिकृतीत पोटाखाली तोफेची पेटी आणि टाकी दोन्ही दाखवली असतील, तर दोन्ही भाग कितीही सुबक असोत, तसे विमान कधी उडालेच नाही.

१५/ दुसरी तारीख १४ डिसेंबर १९७१. त्या दिवशी ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाउसवर मिग-२१ विमानांनी हल्ला केला आणि पूर्व पाकिस्तानच्या प्रशासनाचा उरलासुरला धीर सुटला. तेथे वापरली गेली ती ५७ मिलिमीटरची रॉकेटे. पंखांखालच्या दोन नळकांड्यांत प्रत्येकी सोळा. ‘ढाका, १४ डिसेंबर’ अशी पाटी लावलेल्या प्रतिकृतीच्या पंखांखाली हवेतून हवेत मारा करणारी के-१३ क्षेपणास्त्रे असतील, तर ती पाटी खोटी ठरते. विमान तेच, महिना तोच, दोन दिवसांचे अंतर, आणि पंखांखालचा सगळा संभार वेगळा.

१६/ रंगाचा प्रश्न याहून अवघड. १९७१ पूर्वी वायुसेनेची एफएल विमाने बहुतांशी धातूच्या उघड्या, चंदेरी रूपात उडत. युद्ध जवळ आले तसे स्क्वाड्रननी आपापल्या परीने त्यांवर हिरवे मायावरण चढवले. एका स्क्वाड्रनचे पट्टे दुसरीसारखे नव्हते. कित्येकदा एका विमानाचे दुसऱ्यासारखे नव्हते. म्हणून ‘१९७१ चा भारतीय मिग’ असा एकच रंगनमुना देणारे सूचनापत्रक संशयाने वाचावे. शेपटीजवळचा ‘सी’ अक्षराने सुरू होणारा क्रमांक आणि रंगांचे पट्टे एकाच छायाचित्रात एकत्र दिसत असतील, तरच तो पुरावा भक्कम. क्रमांक एका छायाचित्रातला आणि पट्टे दुसऱ्यातले घेतले, तर तयार होते ते कोणाचेच विमान नसते. राउंडेलचाही क्रम तपासावा: बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा.

१७/ मग अस्सल विमानच जाऊन पाहिले तर? जरूर पाहावे, दिल्लीतील पालमच्या वायुसेना संग्रहालयात मिग-२१ उभे आहे आणि देशभरात अनेक ठिकाणी ती चौथऱ्यांवर दिसतात. पण चौथऱ्यावरचे विमान हाही एक संस्कारित पुरावाच. ऊनपावसापासून जपण्यासाठी ते वारंवार रंगवले जाते, आतली उपकरणे काढून घेतलेली असतात, हरवलेल्या भागाच्या जागी दुसऱ्या विमानाचा भाग येऊ शकतो. त्याचा आकार मोजावा, तो बदलत नाही. त्याचा रंग मात्र युद्धकाळाचा म्हणून उतरवून घेऊ नये. जीर्णोद्धार झालेल्या मंदिराच्या भिंतीवरून मूळ रंगकाम ठरवण्यासारखे ते होईल. शर्यतीच्या जुन्या मोटारींचे अभ्यासकही दुरुस्त केलेल्या मोटारीपुढे याच कारणाने सावध असतात.

१८/ बिसची गोष्ट या मुद्द्याचा शेवटचा पुरावा. मिग-२१ बिस विमानांपैकी १२५ विमाने पुढे ‘बायसन’ या सुधारित रूपात बदलली गेली आणि त्यातले बहुतेक काम ओझरलाच झाले. नवे रडार, नवी क्षेपणास्त्रे, समोर चौकटीशिवायची एकसंध काच आणि वरून करडा रंग. तेच विमान, तोच सांगाडा; पण १९८५ चे छायाचित्र पाहून केलेली प्रतिकृती आणि २०१५ चे पाहून केलेली, दोन्ही वेगळ्या दिसतील आणि दोन्ही अचूक असू शकतील. निरोपाच्या दिवशी चंदीगडला लोकांनी पाहिले ते बायसन. १९७१ लढले ते एफएल. आठवणीत ही दोन्ही विमाने एकमेकांत मिसळू लागली आहेत.

१९/ आज साधने पूर्वीपेक्षा पुष्कळ चांगली आहेत. झेक प्रजासत्ताकातील एदुआर्द कंपनीने २०११ पासून १/४८ प्रमाणात मिग-२१ ची विविध रूपे वेगवेगळी काढली. शीतयुद्ध संपल्यावर पूर्व युरोपातील अस्सल विमाने मोजायला खुली झाली, त्याचा लाभ अशा नव्या किटांना मिळाला. पण नवे किट उत्तम असले तरी ते सांगते एका रूपाबद्दल. त्यातले भारतीय विमान कोणते, कोणत्या तळावरचे, कोणत्या दिवशीचे, हे ठरवण्याचे काम कोणत्याही कारखान्यावर सोपवता येत नाही.

२०/ थोडक्यात, किट तपासताना क्रम असा ठेवावा. आधी रूप: एफएल, एम, बिस की बायसन? मग मापे: पंखविस्तार आणि कोन. मग आकाराच्या खुणा: नळी, झाकण, पाठ, शेपटी. मग दिवस: पंखांखाली काय, पोटाखाली काय? मग रंग व क्रमांक, शक्यतो एकाच छायाचित्रातून. दर्जा सर्वांत शेवटी, कारण फट भरता येते, खळगा घासून काढता येतो. चुकीचे विमान मात्र घासून बरोबर होत नाही.

२१/ हे सारे एवढ्या बारकाईने का करावे? ओझरच्या धावपट्टीवरून नंतर मिग-२७ गेले, सुखोई-३० गेले आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तेथे जुळलेले पहिले तेजस मार्क-१ए उडाले. मिग-२१ च्या निरोपाला तेव्हा पुरता महिनाही झाला नव्हता. कारखाना पुढे जातो, ते त्याचे कामच आहे. ज्या हातांनी ही विमाने जोडली त्यांपैकी अनेकांची घरे आजही ओझर-नाशिक परिसरात आहेत आणि त्यांच्या घरांतील छायाचित्रे, बिल्ले, जुने गटफोटो हा अजून न तपासलेला पुरावा आहे. एखाद्या निवृत्त कामगारासमोर प्रतिकृती ठेवली आणि त्याने नाकावरच्या नळीकडे बोट दाखवून ‘ही इथे नव्हती’ असे म्हटले, तर ते वाक्य लिहून घ्यावे. त्याच्यासोबत तो कोणत्या विभागात होता आणि कोणत्या वर्षांत होता, हेही लिहावे. पुढच्या पिढीला मिग-२१ जसे दिसेल, ते अशाच नोंदींवर ठरणार आहे.